देवाच्या ज्ञानावर भरवसा ठेवणे आणि देवाची कारणे ठाऊक असणे

शोधक (धागाकर्ता)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. बऱ्याच दिवसांपासून मनात घोळत असलेला प्रश्न येथे मांडत आहे. कोणाच्या घरी दीर्घ आजारपण आले, कोणाची नोकरी गेली किंवा कोणाचे ठरलेले लग्न मोडले, की आपल्यापैकी कोणीतरी लगेच म्हणतो, "यामागे देवाची योजना आहे." तेवढ्यावर तो थांबत नाही. पुढच्याच वाक्यात ती योजना काय असावी हेही सांगून टाकतो: नोकरी गेली ती नम्रता शिकवण्यासाठी, आजार आला तो प्रार्थनेत कमी पडलात म्हणून, लग्न मोडले ते पुढे अधिक चांगले स्थळ येणार म्हणून.

देव सर्वज्ञ आहे आणि त्याचे ज्ञान चुकत नाही, हे मी मानतो. त्याविषयी वाद नाही. माझी शंका अशी आहे की देवाच्या ज्ञानावर भरवसा ठेवणे आणि देवाने अमुक गोष्ट का होऊ दिली हे आपल्याला समजले आहे असे धरून चालणे, या दोन गोष्टी आपण एकच मानू लागलो आहोत का? आणि कारण कळतच नसेल, तर भरवसा नेमका कशाच्या आधारावर ठेवायचा? उत्तरे शास्त्राला धरून असावीत. केवळ धीर देणारी वाक्ये पुष्कळ ऐकली आहेत.

पायवाट

मला यात मोठी अडचण दिसत नाही. यशया ५५:८-९ मध्ये परमेश्वर स्वतःच सांगतो की त्याच्या कल्पना आपल्या कल्पनांसारख्या नाहीत आणि आकाश जसे पृथ्वीहून उंच आहे तसे त्याचे मार्ग आपल्या मार्गांहून उंच आहेत. जे आपल्या आवाक्यापलीकडचे आहे ते तसेच मान्य करावे आणि शांत राहावे. विश्वास म्हणजे तरी दुसरे काय? प्रश्न विचारत बसल्याने मनाची शांती जाते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

जुने पान

पायवाट, आपला निष्कर्ष पूर्ण चुकीचा आहे असे नाही, पण हे वचन आपण ज्या कामासाठी वापरता ते त्याचे काम नव्हे. त्याच्या अगदी आधीचे सातवे वचन वाचा. दुष्टाने आपला मार्ग सोडावा आणि परमेश्वराकडे वळावे, म्हणजे तो त्याच्यावर दया करील आणि भरपूर क्षमा करील, असे तेथे म्हटले आहे, आणि त्याला लागूनच "माझ्या कल्पना तुमच्या कल्पना नव्हेत" हे शब्द येतात. म्हणजे येथे देवाचे मार्ग उंच आहेत ते त्याच्या क्षमेच्या बाबतीत. ज्याला आपण कधीच माफ केले नसते त्याला तो माफ करतो, हे आपल्या कल्पनेत बसत नाही, असा त्या बोलण्याचा ओघ आहे. दुःखाचे कारण विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठी हे वचन पुढे करणे म्हणजे दयेच्या वचनाची भिंत करण्यासारखे आहे.

रोमकरांस पत्र ११:३३ चेही तसेच. देवाच्या बुद्धीची आणि ज्ञानाची खोली किती अगाध आहे, हा प्रेषित पौलाचा उद्गार आपण नेहमी एकटाच काढून वाचतो. परंतु तो तीन अध्यायांच्या अवघड विवेचनानंतर येतो, आणि त्याच्या लगेच आधी देवाने सर्वांवर दया करावी असे म्हटले आहे. पौलाने आधी आपली बुद्धी शेवटपर्यंत चालवली आणि मग तो स्तुतीकडे वळला. स्तुती करून त्याने विचार करणे टाळलेले नाही.

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नासाठी मला अनुवाद २९:२९ अधिक उपयोगी वाटते. गुप्त गोष्टी परमेश्वराच्या स्वाधीन आहेत. प्रकट केलेल्या गोष्टी मात्र आपल्या आणि आपल्या मुलाबाळांच्या आहेत, आणि त्या नियमशास्त्राप्रमाणे चालण्यासाठी आहेत. येथे सीमारेषा स्पष्ट आखली आहे. कसे वागावे हे आपल्याला सांगितले आहे. अमुक मनुष्याच्या आयुष्यात अमुक गोष्ट का घडली, हे बहुतेक वेळा सांगितलेले नाही. आपली सवय नेमकी उलटी झाली आहे: जे सांगितले आहे ते कठीण म्हणून बाजूला ठेवतो आणि जे सांगितले नाही ते ठामपणे सांगत सुटतो.

शोधक

ही सीमारेषा मनाला पटते. मग ईयोबाच्या, म्हणजे अपराध नसताना सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या, पुस्तकाचे काय? तेथे तर वाचकाला कारण सांगितले आहे.

अंजिराखाली

वाचकाला सांगितले आहे, ईयोबाला नाही, आणि माझ्या मते त्या पुस्तकाचा सारा भार यावरच आहे. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गातील सभेत ईयोबाची परीक्षा घेण्याविषयी देव आणि सैतान यांच्यात काय बोलणे झाले ते आपण वाचतो. ईयोब ते कधीच ऐकत नाही. ४२ अध्याय संपतात, त्याची संपत्ती दुप्पट होते, पण सुरुवातीचा तो संवाद त्याला कोणी सांगितल्याची नोंद नाही. कारण न कळता तो देवासमोर शांत झाला.

तो कशाने शांत झाला हे पाहण्यासाठी ३८ ते ४१ हे अध्याय सावकाश वाचावेत. देव वादळातून बोलतो आणि ईयोबाच्या दुःखाविषयी एक शब्दही काढत नाही. तो समुद्राच्या मर्यादांविषयी, हिमाच्या भांडारांविषयी, पहाडी बकऱ्या केव्हा वितात याविषयी विचारतो. ३८:२६ मध्ये तर तो म्हणतो की जेथे मनुष्य राहत नाही अशा ओसाड भूमीवरही तो पाऊस पाडतो. तो पाऊस कोणाच्याही पिकासाठी नाही. जगातील प्रत्येक गोष्ट आपल्याला काहीतरी शिकवण्यासाठीच घडते अशी जी आपली समजूत असते, तिला या एका वचनाने चांगलाच धक्का बसतो. पुढे शहामृगी येते. तिला देवाने अक्कल दिली नाही असे तो स्वतः सांगतो, आणि तरी ती धावू लागली की घोड्याला आणि स्वाराला हसते. (या उताऱ्यात विनोद आहे असे माझे मत आहे, आमच्या मंडळीत यावर एकमत नाही.)

आता ईयोबाचे सांत्वन करायला येऊन, दुःख त्याच्या पापामुळेच आले असे सांगणाऱ्या मित्रांकडे वळू. अलीफज, बिल्दद आणि सोफर यांची बरीच वाक्ये सुटी काढली तर ती खरी आहेत. देव ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्तपणात धरतो, हे अलीफजाचे वाक्य पौलाने १ करिंथकरांस ३:१९ मध्ये प्रमाण म्हणून घेतले आहे. तरीही ४२:७ मध्ये देवाचा राग भडकतो तो याच अलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर, कारण ते देवाविषयी त्याचा सेवक ईयोब जसा बोलला तसे यथार्थ बोलले नाहीत. लक्षात घ्या, ईयोबाने जन्मदिवसाला शाप दिला होता, देवावर अन्यायाचा आरोप केला होता, देवाला न्यायालयात उभे करण्याची भाषा केली होती. देवाने त्याला त्याच्या अज्ञानाबद्दल सुनावलेही. पण प्रायश्चित्त करण्यास सांगितले ते देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांना. कारण ठाऊक नसताना ते ठाऊक असल्यासारखे बोलले, आणि तेही अशा माणसाशी जो राखेत बसला होता. त्यांचे सर्वांत चांगले काम २:१३ मध्ये आहे: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत.

तर्कसंगत

मी स्वतःला विश्वासणारा म्हणवत नाही, पण हा धागा आवडीने वाचत आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहरात भूकंप झाला. लोक उपासनेसाठी चर्चमध्ये जमले होते आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर काही धर्मोपदेशकांनी ही पापांची शिक्षा असल्याचे सांगितले, तर त्याच शतकाच्या आरंभी लायब्नित्झसारख्या तत्त्ववेत्त्याने हे जग शक्य असलेल्या जगांपैकी सर्वोत्तम आहे असा युक्तिवाद मांडून ठेवला होता. आपण दोन्ही स्पष्टीकरणे नाकारत आहात, हे मला प्रामाणिकपणाचे वाटते. पण मग उरते काय? कारण माहीत नाही, ते विचारून कळणार नाही, तरी भरवसा ठेवा. याला आंधळा विश्वास म्हणू नये तर काय म्हणावे?

जुने पान

प्रश्न रास्त आहे. पहिल्या स्पष्टीकरणाबाबत प्रभू येशूचे स्वतःचे उत्तर लूक १३:४-५ मध्ये आहे. शिलोह येथील बुरूज पडून अठरा जण ठार झाले होते. ते यरुशलेमेतील इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून तो स्वतःच "नाही" म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करण्यास सांगतो. मेलेल्यांचा हिशेब तो जिवंतांच्या हाती देत नाही. योहान ९ मध्ये जन्मांध मनुष्याबद्दल शिष्य विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. तेथेही तो दोन्ही पर्याय बाजूला सारतो.

आंधळेपणाविषयी माझे म्हणणे असे. एखाद्याचा हेतू मला कळत नाही आणि तो मनुष्यच मला अनोळखी आहे, या स्थितीत भरवसा ठेवला तर तो आंधळा. हेतू कळत नाही पण त्याचा स्वभाव मला पुरेसा ठाऊक आहे, तेव्हा ठेवलेला भरवसा आंधळा म्हणता येत नाही, जरी तो चुकीचा ठरण्याची शक्यता तुमच्या दृष्टीने उरतेच. ख्रिस्ती मनुष्य देवाचा स्वभाव कोठे पाहतो? पौल १ करिंथकरांस १:१८-२५ मध्ये सांगतो की वधस्तंभाचा संदेश जगाला मूर्खपणा वाटतो, आणि तोच वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त देवाचे सामर्थ्य व देवाचे ज्ञान आहे. म्हणजे देवाच्या ज्ञानाचे जे रूप आम्हाला दाखवले गेले ते दुःखापासून दूर उभे राहून योजना आखणाऱ्याचे नाही. गेथशेमाने बागेत पुत्राने, म्हणजे येशूने, दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती केली, वधस्तंभावर "तू माझा त्याग का केलास" असे विचारले, आणि त्या "का" ला त्या घटकेस आकाशातून उत्तर आले नाही. पुनरुत्थान तिसऱ्या दिवशी झाले. ज्या देवाने आमच्या बाजूचा हा न सुटलेला प्रश्न स्वतः उच्चारला, त्याच्यावर आम्ही भरवसा ठेवतो. हे आपल्याला पटावे असा आग्रह नाही. भरवशाचा आधार काय आहे तेवढे सांगितले.

तर्कसंगत

पटले नाही, पण समजले. आभारी आहे.

पायवाट

यशयाच्या वचनाबाबत मान्य. मात्र भावांनी गुलाम म्हणून विकलेल्या आणि पुढे मिसरात अधिकारी झालेल्या योसेफाची गोष्ट विसरू नये. उत्पत्ती ५०:२० मध्ये तो भावांना म्हणतो की तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने ते चांगल्यासाठीच योजले. म्हणजे कारण कळते! कधीकधी तरी कळते.

अंजिराखाली

कळते, परंतु केव्हा आणि कोणाला, हे पाहावे लागेल. वय मोजूनच पाहू. योसेफ विकला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता (३७:२) आणि मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा (४१:४६). मधल्या काळात तुरुंगात असताना प्यालेबरदार त्याला विसरला आणि आणखी पूर्ण दोन वर्षे तशीच गेली. त्यानंतर सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षे सरल्यावर तो भावांना ओळख देतो आणि देवाने आपल्याला पुढे पाठवल्याचे प्रथम बोलतो, म्हणजे वयाच्या सुमारे ३९ व्या वर्षी. आपण सांगितलेले वाक्य त्याहूनही पुढचे आहे. त्याचा बाप याकोब मिसरात १७ वर्षे जगला (४७:२८) आणि त्याच्या मृत्यूनंतर योसेफ हे बोलला. तेव्हा तो छप्पन्न वर्षांच्या आसपास असणार. खड्ड्यात टाकले गेल्यापासून जवळजवळ ३९ वर्षांनी उच्चारलेले हे वाक्य आपण माणसाला खड्ड्यातून बाहेर येण्याच्या आधीच ऐकवतो.

दुसरे असे की हे वाक्य ज्याच्यावर अन्याय झाला त्याने म्हटले आहे. भावांनी ते म्हटले असते तर? "आम्ही तुला विकले नसते तर तू अधिकारी झाला नसतास" असे त्यांच्यापैकी यहूदा म्हणाला असता, तर ते निर्लज्जपणाचे ठरले असते, शब्द जवळजवळ तेच असूनही. आणि योसेफ भावांचा अपराध पुसत नाही. "तुम्ही वाईट योजले" हा वाक्याचा पहिला भाग तो ठेवतो. आपण बहुधा दुसराच भाग ठेवतो, विशेषतः घरातील छळ सोसणाऱ्या व्यक्तीला सल्ला देताना.

रात्रपाळी

मी सहसा येथे लिहीत नाही. गेल्या वर्षी आमच्या घरातील तरुण मनुष्य गेला. अंत्यविधीच्या दिवसापासून आजपर्यंत लोक मला कारणे देत आले आहेत. देवाला फुले आवडतात म्हणून तो चांगली फुले आधी खुडतो, असेही एकाने सांगितले. मी देवाला सोडलेले नाही, पण स्तुतिगीते माझ्याने म्हणवत नाहीत. हा भरवशाचा अभाव आहे का, एवढेच विचारायचे होते.

अंजिराखाली

नाही. स्तोत्र ८८ वाचून पाहा, तेही जमेल तेव्हाच. ते अंधाराशी संपते. बहुतेक विलापस्तोत्रांच्या शेवटी जे वळण येते ते त्यात येत नाही, आणि तरी ते देवाच्या लोकांच्या गीतसंग्रहात आहे, म्हणजे तेही उपासनेतच म्हटले जाई. ज्याला आपण "माझ्या तारणाऱ्या देवा" असे म्हणून हाक मारतो त्याच्याशी रात्रभर भांडणे हा अविश्वास असता, तर ते स्तोत्र वगळले गेले असते. गीते आत्ता इतरांना म्हणू द्या. मंडळी त्यासाठीही असते.

पायवाट

रात्रपाळी, आपल्यासाठी प्रार्थना करत आहे. आणखी काही लिहीत नाही.

दोन वाटा

विषय थोडा वळवतो, पण तो याच धाग्याचा भाग आहे असे वाटते. मागच्या गोष्टींची कारणे कळत नाहीत हे ठीक. पुढच्या निर्णयांचे काय? मला दोन कामांपैकी एक निवडायचे आहे. माझे ज्येष्ठ सांगतात की नीतिसूत्रे ३:५ प्रमाणे आपल्या बुद्धीवर अवलंबून राहू नको, चिन्हाची वाट पाहा. गिदोनाने देवाकडून खूण मिळावी म्हणून लोकर ठेवली तसे काही करावे का?

जुने पान

गिदोनाची लोकर (शास्ते ६) ही देवाने आधीच स्पष्ट सांगितल्यानंतरची गोष्ट आहे. काय करावे हे त्याला ठाऊक होते. धीर होत नव्हता. देवाने त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतले, पण ती पद्धत म्हणून कोठेही शिकवलेली नाही.

नीतिसूत्रे ३:५ विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या वचनाचा गैरवापर फार होतो. त्याच्या आधीचा दुसरा अध्याय बुद्धीला हाक मार, तिला रुप्याप्रमाणे आणि गुप्त निधीप्रमाणे शोध, असे सांगतो. १५:२२ म्हणते की मसलत नसली म्हणजे बेत निष्फळ होतात, आणि मसलत देणारे पुष्कळ असले म्हणजे ते सिद्धीस जातात. ज्या पुस्तकात इतका विचार करायला सांगितले आहे ते विचार बंद करायला सांगत नाही. ३:७ मध्ये खुलासा आहे: आपल्याच दृष्टीने स्वतःला शहाणा समजू नकोस. देवाला बाजूला सारून, कोणाचे न ऐकता, मला सर्व कळते असे म्हणणारी बुद्धी येथे नाकारली आहे. आणि स्पष्ट सांगतो, एखादा पुढारी हे वचन दाखवून "तू तुझी बुद्धी वापरू नकोस, मी सांगतो तसे कर" असे म्हणत असेल, तर तो तुम्हाला देवाच्या बुद्धीकडे नेत नसून स्वतःच्या बुद्धीवर अवलंबून राहायला लावत आहे.

याकोब १:५ चे आश्वासन मागणाऱ्यासाठी आहे. देव दोष न लावता उदारपणे देतो असे तेथे म्हटले आहे. पण तेथे मागायचे ते ज्ञान, पुढच्या दहा वर्षांचा नकाशा नव्हे. आणि ते ज्ञान आले की नाही हे कसे ओळखावे, ते त्याच पत्राच्या ३:१७ मध्ये आहे: ते शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगे, दयेने पूर्ण असते. आपल्या दोन कामांपैकी कोणते काम करताना आपण असे राहू शकाल, हा चिन्हापेक्षा चांगला प्रश्न आहे.

अंजिराखाली

प्रेषितांची कृत्ये १६ देखील पाहावे. पौल आणि त्याचे सोबती आशियात (आजच्या तुर्कस्तानातील एका रोमी प्रांतात) वचन सांगायला निघाले, त्यांना प्रतिबंध झाला; बिथुनियाकडे वळले, तेथेही जाऊ दिले नाही. कारण एकदाही दिलेले नाही. मग त्रोवसात मासेदोनियाच्या मनुष्याचा दृष्टान्त पौलाला झाला, आणि तरी दहाव्या वचनात सर्वांनी मिळून अनुमान केले की देव आपल्याला तिकडे बोलावत आहे. म्हणजे दृष्टान्तानंतरही त्यांनी एकत्र विचार केला. आणि योग्य ठिकाणी पोहोचल्यावर फिलिप्पैत काय झाले? फटके आणि तुरुंग. निर्णय देवाच्या इच्छेप्रमाणे होता की नाही हे पुढे सुख लाभले का यावरून ठरवू नये, असे माझे मत आहे.

एक व्यवहाराची गोष्ट: सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला यांनी असा नियम सांगितला आहे की मन उदास आणि कोरडे पडलेले असताना आधीचा निश्चय बदलू नये. माझी मंडळी त्यांच्या परंपरेतील नाही, तरी हा नियम मी अनेकांना सांगतो.

दोन वाटा

मनापासून आभार. निर्णय घेण्यापूर्वी घरच्यांशी आणि मंडळीतील दोघांशी बोलतो.

पायवाट

मग शोकात असलेल्याला यिर्मया २९:११ तरी द्यावे की नाही? "तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो" हे वचन आमच्याकडे प्रत्येक दिनदर्शिकेवर असते.

जुने पान

द्यावे, पण दहाव्या वचनासह. बाबेलची ७० वर्षे भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन, असे तेथे म्हटले आहे. बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेले ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याआधीच्याच अध्यायात हनन्या संदेष्टा दोन वर्षांत सर्व पूर्ववत होईल असे सांगत होता, आणि ते ऐकायला साहजिकच अधिक गोड होते. यिर्मयाने त्याला खोटे ठरवले आणि बंदिवानांना घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याचे हित चिंता, असे लिहिले. आपण पुष्कळदा यिर्मयाचे वचन घेतो आणि हनन्याची मुदत जोडतो.

शोधक

सर्वांचे आभार. आमच्या अभ्यासगटात आजवर ईयोबाचे पहिले दोन अध्याय आणि शेवटचा अध्याय एवढेच वाचले गेले. मधला भाग कंटाळवाणा म्हणून सोडून देत असू. या वेळी तिसऱ्या अध्यायापासून सलग वाचावे असे सुचवणार आहे.

पायवाट

मित्रांची भाषणेही? ती तर देवानेच नापसंत केली आहेत.

अंजिराखाली

तीच आधी वाचा, आणि मोठ्याने. चौथा, आठवा आणि अकरावा अध्याय तीन निरनिराळ्या माणसांना वाचायला द्या, आणि ऐकणाऱ्यांना विचारा की यातील कोणती वाक्ये त्यांनी गेल्या वर्षभरात कोणाला तरी भेटायला गेले असताना उच्चारली आहेत. मित्रांनंतर बोलणाऱ्या तरुण अलीहूची भाषणे (३२ ते ३७) शेवटी देवाच्या निकालात उल्लेखलेलीच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर वाद होईल. त्यासाठी वेगळी बैठक ठेवावी.

शोधक

ठेवतो. अलीहूवर वेगळा धागाही काढतो.